जवळचं स्टेशन

विदर्नसीचं दीपगृह समुद्रावर नाही,
गावाच्या मधोमध उभं आहे, घरांच्या परसांत,
वाट चुकून आत आलेल्या पाहुण्यासारखं.
त्याच्या मागच्या गल्लीत सिरिल ब्लेंकिन राहतात,
निवृत्त प्लंबर, वय एकोणऐंशी.
त्यांच्या कुंपणावरच्या अँटेनाला
मी वर्षभर कपडे वाळत घालायची काठी समजत होते.

तांब्याची नळी, पाण्याचीच, कुठल्याशा न्हाणीघरातून उरलेली.
दोन तुकडे, प्रत्येकी त्र्याहत्तर सेंटिमीटर,
मध्ये भाजी चिरायच्या पाटाचा कापलेला चौकोन,
आणि सगळा संसार झाडूच्या दांड्यावर.
"माझं काम इथं संपलं," ते म्हणाले,
"पुढचं हवेचं."

मी दिवसभर लोकांना आ करायला सांगते.
संध्याकाळी स्वतःचं तोंड उघडावंसं वाटत नाही,
म्हणूनच बहुधा ऐकायला शिकले.
त्यांनी जुना रेडिओ दिला, तळहाताएवढा,
बॅटरीच्या झाकणाला चिकटपट्टी,
आणि एकच धडा:
डायपोलचं टोक ज्याच्याकडे, त्याला तो बहिरा.
ऐकायचंय त्याच्याकडे कूस करायची,
नको असेल त्याच्याकडे टोक.
(हे मला सासरी कुणी सांगितलं असतं तर!)

जूनमध्ये एका दुपारी आभाळच आरसा झालं.
इस्त्री करता करता स्पेन आला,
त्याच्यावर चढून कुणी सर्बियन की बल्गेरियन गवई,
पडद्यावर स्टेशनच्या नावाची तीनच अक्षरं, मग दोन,
मग शर्टाची बाही जळल्याचा वास.
ब्लेंकिन कुंपणापलीकडून ओरडत होते,
"आला का? तुमच्याकडे आला का?"
जणू दोघांच्या नळाला एकदम पाणी आलं होतं.

पण ते ज्याची वाट बघत होते ते वेगळंच.
गावाजवळचा ट्रान्समीटर, चोवीस तास तीच गाणी,
तेच गालिच्यांच्या सेलचं ओरडणं.
ऑक्टोबरात दुरुस्तीसाठी तो बंद राहणार होता,
एकच रात्र, बारा ते चार.
आम्ही त्यांच्या गाडीतून कड्यावर गेलो,
जिथला रस्ता मध्येच तुटून समुद्रात पडलाय.
थर्मास, दोन टोप्या, झाडूचा दांडा खिडकीबाहेर.
वारा नाही. पाण्यावर गरम हवेचं झाकण बसलेलं,
दूधावर साय धरावी तसं.

बाराला निवेदक वाक्याच्या मध्यात गेला.
आधी नुसती खरखर.
मग खरखरीच्या तळाशी एक बाई.

ती आकडे वाचत होती, सावकाश,
एकेक आकडा ठेवून देत होती खाली.
पाण्याची उंची असेल, माशांचे भाव असतील.
मी म्हटलं डच. ते म्हणाले डॅनिश.
भाषा दोघांनाही येत नव्हती.
मध्येच ती खोकली, "माफ करा" म्हणाली असावी,
आणि पुन्हा आकडे.

"ही रोज असते का हो इथं?"
"रोज असणार. आपल्याच गोंगाटाखाली."

स्टेशनचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही.
चाराला गालिचे परत आले.
थर्मासात घोटभर गार चहा उरला होता,
तो त्यांनी माझ्या कपात ओतला.

दोन दिवसांनी वही पाहायला गेले.
चौतीस वर्षांच्या नोंदी, पेन्सिलीने.
तारीख, वेळ, आवाजाची ताकद पाचपैकी दोन.
स्टेशन: अनोळखी.
अंदाज ते लिहीत नाहीत, कधीच लिहिला नाही.
शेवटचा रकाना "ऐकणारे",
पानामागून पान तीच दोन अक्षरं, सि. ब्लें., सि. ब्लें.,
आणि त्या रात्रीपुढे, जागा पुरत नव्हती म्हणून तिरपं,
"आणि वसुदा".

मी वसुधा.
पेन्सिल तिथंच होती, खोडरबरही.
वही मिटून ठेवली.