एक इंच फीत

बेगमपुऱ्याच्या उतारावर माझं दुकान,
पाटीवर रेडिओ-टेप दुरुस्ती, खाली खडूनं मिक्सरपण.
विद्यापीठातला एक पोरगा आला, दारातून वाकून,
हातात कॅसेट,
तिची आतडी बाहेर लोंबत होती.

नाव बाकारी. घर समुद्रकाठी, आयव्हरी कोस्टला.
हिंदी रिक्षावाल्यांनी शिकवलेली:
"भाई, ये मर जायेगा क्या?"

म्हटलं, बस.
पेन्सिल घातली, गुंता सोडवला,
चुरगळलेला तेवढा तुकडा ब्लेडनं कापला,
टोकं जोडली नेलपॉलिशनं.
(बायकोचं. लाल. विचारलं नव्हतं.)
कापली इंचभर.
इंचभर म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद.

लावून बघितलं आणि पोटात गोळा आला.
एकवर कोणीच नाही.
दोनवर गिटारीचा चिमटा,
तीनवर ढोल पडतो दार लावल्यासारखा,
चारवर परत चिमटा,
आणि एकवर परत कोणी नाही.
आपल्याकडं समेवर माना डोलतात,
इथं समेवरनंच माणूस उठून गेलेला.

मी कबूल केलं, बाबा, तुझी सम कापली माझ्याकडून.
पैसे देऊ नको.
तो एवढा हसला की स्क्रूची डबी सांडली.
"नहीं भाई. वो पहले से नहीं है."

मग स्क्रू वेचता वेचता सांगत बसला.
गाणारा त्यांच्या गावचा, बंदरात कोकोची पोती उचलायचा.
पैसे साठवून जमैकाला गेला रेकॉर्ड करायला.
वाजवणारे सगळे तिथले,
ज्यांच्या खापरपणज्यांना
ह्याच्याच किनाऱ्यावरनं जहाजात कोंबलेलं.
ह्याची बोली त्यांना कळेना, त्यांची ह्याला.
दोन दिवस नुसतेच तारा पिळत बसले.
तिसऱ्या दिवशी ढोलवाल्या म्हाताऱ्यानं
कुणाकडून तरी विचारवलं,
आमचं गाव कोणतं होतं?

ह्याला काय माहीत.
मग त्यानं येत होती तेवढी सगळी गावं म्हटली,
नदीकाठची, रानातली, एकामागं एक,
आणि म्हाताऱ्यानं काठ्या उचलल्या.
दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं म्हणजे ती यादीच.
असं बाकारी सांगतो. तो तिथं नव्हता. मी तर नव्हतोच.

एका रविवारी मी त्याला नहरीचा मनोरा दाखवला.
म्हटलं, ह्या शहराला पाणी आणलं ते एका हबशानं,
तोही विकत आणलेला.
त्यानं दगडावर तळहात ठेवला.
"गाव कौनसा उसका?"
मी पानाची पिचकारी टाकायचा बहाणा केला.

बाप आला होता घाटीत, मोतीबिंदूला.
डोळ्यावर हिरवी पट्टी, दुकानात खुर्चीवर.
जन्मभर हलगी वाजवलेला माणूस.
कॅसेट चालू होती. त्याची बोटं पत्र्याच्या डब्यावर गेली,
अडखळली, थांबली, मग बसली बरोबर.
"पयला टोला सोडतोय गडी."
हाव, म्हटलं.
"मह्या बापाचं तसंच होतं.
मयतीच्या म्होरं चालताना पयला टोला
त्या मेलेल्याच्या नावानं ऱ्हाऊ द्यायचा.
मी दिलं सोडून.
लोक म्हनायचे, ताल चुकला."
आणि पट्टीखालनं पुसलं काहीतरी,
डॉक्टरनं हात लावू नका सांगितलं होतं तरी.

बाकारी परीक्षा देऊन गेला. कॅसेट घेऊन गेला.
स्क्रूच्या डबीत तो इंचभर तुकडा तेवढा राहिला.
परवा सापडला आणि आठवलं,
लाल जोड कुठं होता ते.
दुसरी बाजू. तिसरं गाणं.

अर्धा सेकंद.
एका लहान गावाचं नाव मावेल एवढा.