दोन आटे खाली

देवास नाक्यावर दुकान. आठ बाय दहा.
पाटीवर अजून वडलांचंच नाव,
त्यातला 'टिळवणकर' उन्हानं खाल्ला,
'ऑटो इलेक्ट्रिक' तेवढं वाचता येतं.

त्यांच्या काळी काम सोपं होतं.
डबीत काळा रंग, एक चपटा ब्रश,
आणि हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या काचेवर
एक काळी कोर.
बाळाला तीट लावतात ती त्याला दृष्ट लागू नये म्हणून.
गाडीची तीट उलटी, ते म्हणायचे,
हिची दृष्ट दुसऱ्याला लागू नये.

आता कोण रंगवतं.
आता येतो सांवेरचा लोकेंद्र, नवी बोलेरो,
मानेला रुमाल, गालात सुपारी,
"भिया, ऐसी लगाओ कि रात में दिन हो जाए."
मी लावतो. बंपरवर चार, टपावर लांब पट्टी,
जाड वायर, वेगळा रिले, डॅशवर लाल बटण.
संध्याकाळी गाडी भिंतीसमोर घेऊन बटण दाबतो
आणि चुन्याचा पोपडा न् पोपडा
मोजून घ्यावा इतका उजेड पडतो.
लोकेंद्र हसतो. मीही हसतो. पैसे मोजतो.
खोटं कशाला बोलू,
त्या उजेडावर मुलीची फी गेलीय, दोन वर्षांची.

माघात बडवाहला बारसं होतं.
परतताना उशीर. शेजारच्या सीटवर वडील,
मोतीबिंदू काढून महिना झालेला.
चोरल मागे पडलं, घाट लागला,
आणि वळणावरून तो आला.
आला म्हणजे काय, गाडी दिसलीच नाही,
नुसतं पांढरं आलं.
मी डिपर दिला. पुन्हा दिला,
अनोळखी माणसाला 'ओ दादा' म्हणावं तसा.
उत्तर नाही.
रस्ता गेला, कठडा गेला,
स्टिअरिंगवरचे माझे हात गेले.
ब्रेकवर पाय होता तेवढाच मी उरलो.

वडील म्हणाले, "फुलबाज्या दिसताहेत रे, हिरव्या कडांच्या."
मग म्हणाले,
"कुणी बसवलेत?"

जीप की ट्रक, जे होतं ते घासून गेलं.
अंधार परत आला, आधी जांभळा, मग नेहमीचा,
आणि त्यात, आमच्या बंपरपासून चार पावलांवर
एक माणूस, पंक्चर सायकल हातात धरून,
कॅरिअरला दुधाचे रिकामे कॅन.
तो आधीपासून तिथंच होता.
दोन उजेडांच्या मधे होता,
म्हणून नव्हता.
आमच्याकडे त्यानं पाहिलंही नाही.
डोळे चोळत होता.

सिमरोळपर्यंत मी उत्तर दिलं नाही.
तेजाजीनगरच्या चौकात म्हटलं, "असेल कुणीतरी."
ते गप्प. काळा चष्मा काढून
धोतराच्या सोग्यानं पुसत बसले,
पुसून झाला तरी.

दुकान बंद नाही केलं. दिवे आजही विकतो.
फक्त लावताना ब्रॅकेटचा स्क्रू
दोन आटे खाली घेतो.
जुनी गिऱ्हाइकं वायर दाखवायला आली
तर त्यांचाही. विचारत नाही, सांगत नाही.

लोकेंद्र आठवड्यात परत आला.
"भिया, नीचे मार रही है."
म्हटलं, "पीछे माल भरो, नाक अपने आप उठेगी."
हे अर्धं खरं आहे.

तो गेल्यावर आतून, स्टुलावरून आवाज आला,
"दोनच? मी तीन घेतले असते."
मग उठून त्यांनी फळीवरच्या
जुन्या कार्बोरेटरमागची डबी काढली,
कानाशी धरून हलवली.

रंग कधीचाच सुकून खडा झालाय.
वाजतो.