पसंतीक्रम, दुसरी फेरी

कोपरखैरण्यात, माथाडींच्या बैठ्या घरांना लागून
माझं झेरॉक्सचं दुकान आहे.
जुलैत मी झेरॉक्स कमी काढते
आणि गप्प जास्त बसते.

पोरं येतात. पासवर्ड विसरलेली असतात.
ओटीपी जातो बापाच्या मोबाइलवर,
बाप तुर्भ्याच्या मार्केटात, पाठीवर कांद्याची गोणी,
ती उतरेपर्यंत ओटीपी मरतो.

आज ऋणाली शेडगेचं पान उघडलं.
मी चष्मा लावेपर्यंत तिनं वाचलंही होतं.
पहिली फेरी : जागा नाही.

रडली नाही.
माझा स्टेपलर उचलला
आणि कोऱ्या कागदाला पिना मारत बसली.
एक. दोन. सात.

"काकी, पंच्याण्णव पर्सेंटाइल आहेत ना मला?"
आहेत गं.
त्या पानानं ते काही काढून घेतलेले नाहीत.
पण हे मी मनातच ठेवलं,
ऐकू यायला तिला अजून चार दिवस लागतील.

तिचा जुना अर्ज काढला :
कॉलेज एक, शाखा सात,
सातही ओळींत तेच नाव.
एकाच दारावर सात वेळा कडी वाजवलेली,
आणि आतली माणसं आधीच मांडीला मांडी लावून बसलेली.

खुर्ची ओढली. म्हटलं, चल, लिहू.
वरची तीन नावं अशी, की लिहिताना पोटात गोळा येईल.
लाजू नकोस, मागायला पैसे पडत नाहीत.
त्याखाली, गेल्या साली तुझ्याएवढ्या मार्कांची पोरं
जिथं बसली, ती पाच-सहा.
फी बघ. वसतिगृह बघ. शेवटची बस कधी सुटते, तेही बघ.
आणि अगदी खाली…

इथं तिचा हात थांबला.
खाली लिहायचं म्हणजे हरल्याची सही करायची,
असं काहीतरी तोंडावर.

म्हटलं, खालचं नाव तर सगळ्यात जपून निवडायचं.
तेच लागलं, तर सोमवारी सकाळी
डबा भरून तू निघशील का?
निघशील, तरच लिही.

"आणि तुमच्या यादीत काय होतं, काकी?"

सत्त्याण्णव साल. सातारा. नर्सिंग.
अर्ज एकच. प्रतीक्षायादीत चौदावी,
बोलावलं बाराव्या नंबरपर्यंत.
खाली दुसरं नाव लिहायचं असतं
हे सांगायला घरात कुणी तेवढं शिकलेलंच नव्हतं.
पोस्टमनची सायकल दिसली की मी आत पळायची,
पुढं पुढं तोच खालच्या आळीनं जायला लागला.

हे दुकान माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं.
तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही.
दोन वर्षं वाईट गेली, ती वाईटच गेली.
नंतर कधीतरी हप्त्यावर मशीन घेतलं,
पहिल्यांदा टोनर बदलला,
कोपरापर्यंत काळी झाले
आणि का कोण जाणे, हसू आलं.
एवढंच.

ती लिहीत गेली. अकरा नावं.
नवव्या नंबरावर पनवेलच्या पलीकडचं एक,
मी कधी ऐकलंही नव्हतं.
"हे कुठून काढलंस?"
"तिथं पाणी तपासायची लॅब आहे. खाडीवर काम करतात ते."
स्टेपलरकडे बघत म्हणाली,
"मागच्याच महिन्यात बघून ठेवलेलं.
घरात बोलले नाही. छोटं कॉलेज आहे ना."

मी काहीच म्हटलं नाही.
तिनं आपणहून ते नाव माउसनं धरलं
आणि वर ओढत नेलं,
आठ, सात, पाच…
चौथ्यावर सोडलं.
पुन्हा धरलं. तिसऱ्यावर.

मग ओटीपी.
तिनं फोन लावला, मी घड्याळाकडे बघत राहिले.
तिकडून आधी मार्केटचा गलका,
कुणीतरी कुणाला शिवी दिली,
मग धापा टाकत शेडगे सहा आकडे बोलले.
आणि तिनं विचारलं नव्हतं तरी
परत एकदा,
सावकाश.