वऱ्हाडपांडेबाईंचा र

शनिवारी रात्री साडेदहाला
पतसंस्थेचं शटर अर्धं ओढून घेतलं.
लोहाओळीकडे शेवटचा हातगाडा खडखडत गेला
आणि कूलरचा आवाज एकदम मोठा झाला.
मे महिना. ताट्यांमधला वाळा दुपारीच वाळलेला.
बादलीनं पाणी मारत गजभिये म्हणाले,
"आज काऊन थांबल्या जी, मॅडम?"
म्हटलं, मशीनला नवा जन्म द्यायचा आहे.
"मंग बारसं सोमवारी?"

नवी आवृत्ती
कुठल्या कंपनीच्या दारातून आलेली नाही.
ती बांधणाऱ्यांतलं एकही माणूस मी पाहिलेलं नाही.
बदलांची यादी वाचत गेले,
लग्नानंतर आहेराची वही वाचतात तशी.
कोणी कुलूप बदललंय,
मुख्य खातं आता नुसत्या पासवर्डनं बाहेरून उघडत नाही.
कोणी जुन्या धाटणीच्या सह्या बाद केल्यात,
हुबेहूब खोट्या करता येतात म्हणून.
कोणी अशी सोय केली की
मशीन न थांबवता, चालत्या गाभ्यालाच
ठिगळ लावावं.
आणि सगळ्यांनी मिळून दहा वर्षं निगराणीचा शब्द दिलाय.
दहा वर्षं!
आमचं संचालक मंडळ
पुढच्या सभेच्या चहाचंसुद्धा नक्की सांगत नाही.

अकरा चाळीसला सगळं अडलं.
प्रोसेसर जुना आहे, म्हणे.
सीताबर्डीवरून हप्त्यांनी घेतलेलं मशीन,
नव्या आवृत्तीला त्याची बोली कळेना.
मी खुर्चीवर पाय घेऊन बसले.
बाबांना मिलच्या फाटकावर कागद मिळाला होता,
त्यातही कोणाचा राग नव्हता,
फक्त तारीख होती.

मग यादीच्या पार तळाशी, बारीक अक्षरात:
काही जणांनी जुन्या प्रोसेसरांसाठी
तीच आवृत्ती पुन्हा, वेगळी बांधून ठेवली आहे.
कारण एका ओळीचं.
अजून चालतात, म्हणून.

उतरवायला दीड तास.
मधेच वीज गेली, यूपीएस केकाटत राहिला,
गजभियेंनी घडी घातलेल्या पेपरनं वारा घातला,
मला की मशीनला, ते मी विचारलं नाही.

पहाटे चारला चाचणीची पावती काढायची होती.
बोटांनी आपणहून टाइप केलं
खाते क्रमांक ३१७.
इंदुमती वऱ्हाडपांडे.
अकरा वर्षं हे नाव आमच्याकडे मोडलेलं निघतं:
र एकीकडे, त्याचा पाय लोंबकळतोय,
ह आपल्या वाटेनं.
बाई दर महिन्याला खिडकीतच
लाल पेनानं नाव दुरुस्त करून पावती परत सरकवतात.
चौतीस वर्षं मराठी शिकवलेला हात.
"पापणीसारखा असतो हो तो र.
पापणी उपटू नका."

तीन वर्षांपूर्वी मी तक्रार नोंदवली होती,
जमेल तशा इंग्रजीत,
लाल शाईसकट पावतीचा फोटो जोडून.
कोणीतरी विचारलं, हे अक्षर कुठे वापरतात?
मी लिहिलं, नागपुरात. एका बाईंच्या नावात.
आणखीही पुष्कळ ठिकाणी, हे लिहायचं राहूनच गेलं.
पुढे काही उत्तर नाही.
मीही विसरले.

प्रिंटर खरखरला.
वऱ्हाडपांडे.
पापणी जागेवर.

मी गजभियेंना पावती दाखवली.
त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली, म्हणाले,
"बरोबर त आहे. काय झालं?"

यादी पुन्हा उघडली, नव्या मशीनवर.
शेकडो ओळी खाली:
मराठीतला र, ह च्या आधी, दुरुस्त.
आणि दुरुस्त करणाऱ्याचं नाव.
कुठल्या देशातलं, कुठल्या लिपीतलं, कोण जाणे.
त्यातलं तिसरं अक्षर
आमच्या पडद्यावर उमटतच नाही,
तिथे नुसता रिकामा चौकोन.

बाहेर दूधवाल्याची सायकल.
मी शटर वर केलं नाही अजून.
चौकोनाचा फोटो काढला,
नवी तक्रार उघडली,
आणि पहिल्या ओळीत काय लिहावं
याचा विचार करत बसले.