हलकी पिशवी

माझ्या मांजराचं नाव विसर्ग.
पांढऱ्या पाठीवर एकाखाली एक दोन काळे ठिपके
आणि मी मुद्रितशोधक. दुसरं काय ठेवणार?
एकोणतीस वर्षं अप्पा बळवंत चौकातल्या एका माडीवर
लोकांच्या वेलांट्या फिरवतोय.
कागद हातात घेतल्या घेतल्या मला चूक दिसते,
असं मी लग्नाच्या पंगतीत सांगतोसुद्धा.

मंगळवारी दिवाळी अंकाचा शेवटचा फर्मा घरी आणला होता.
विसर्ग वाळूच्या घमेल्यात गेला, बसला, उठला.
परत गेला.
पान चौसष्ट ते पान सत्तर, एवढ्यात पाच वेळा.
बद्धकोष्ठ, मी म्हटलं, आणि दुधात चमचाभर तूप घातलं.
त्यानं ते हुंगलंही नाही.
मागचा पाय वर करून स्वतःला चाटत राहिला,
चाटत राहिला.
मी वाचलं : स्वच्छता.

रात्री कॉटखाली, रद्दीच्या गठ्ठ्यामागे
चारही पाय पोटाशी घेऊन
स्वल्पविरामासारखा वाकून बसला.
समोरचे निजसुरे म्हणाले, मांजराला काय धाड भरते,
पाल खाल्ली असेल, पडू दे दोन दिवस.
सहकारनगरात प्रत्येक मजल्यावर एक वैद्य राहतो.
आमच्या मजल्यावर दोन.

बुधवारी सकाळी कचऱ्याची शिट्टी वाजली.
रंभाबाईनं बादली घेतली, दुसऱ्या हातात पिशवी तोलली
आणि जिन्यातच थांबली.
"भाऊ, बोक्याची पिशवी हलकी आज.
रोज ओली ढेकळं असत्यात.
मुततंय का त्ये?"

मी शब्दकोशातला माणूस.
विसर्ग म्हणजे सोडणं, बाहेर टाकणं, हे तोंडपाठ.
घमेल्याशी गुडघे टेकले :
सगळीकडे पंजांची खाडाखोड
आणि मजकूर नाही.

प्रुफांची पिशवी जमिनीवर ओतली, त्याला आत घातलं.
पोटाला हात लागला तेव्हा तो ओरडला,
पहिल्यांदाच, आणि मांजरासारखा नाही.
रिक्षावाला पर्वती पायथ्याच्या सिग्नलला थांबला,
मागे वळून एकदा बघितलं,
पुढच्या सिग्नलला थांबला नाही.

डॉक्टर तांबवेकरांनी चष्मा कपाळावर सारला,
दोन बोटांनी दाबलं.
"कच्चं लिंबू आहे बघा आत. फुगून दगड झालंय.
बोक्यांची वाट अरुंद, खडा अडकतो. किती वेळ झाला?"
पान चौसष्टपासून, मी म्हणालो.
त्या बघत राहिल्या.
कालपासून, मी म्हणालो.
"रात्रीपर्यंत थांबला असतात
तर पिशवी रिकामी नेली असतीत."

नळी गेली. आधी काहीच नाही.
मग आमच्या सोसायटीत दुपारी पाणी येताना
नळ जसा खोकतो, अडखळतो, आणि मग वाहतो,
तसं स्टीलच्या ट्रेमध्ये, लालसर.
मी भिंतीला टेकून तो आवाज ऐकला.
एवढं शुद्ध मी अजून काही वाचलेलं नाही.

तीन दिवस सलाइन, मग घरी, गळ्यात प्लास्टिकचं भोंगं.
ते घेऊन तो दारांना आपटतो आणि माझ्याकडे रागानं बघतो.
अंक निघाला. पान सदुसष्टवर
'दिन'चा 'दीन' झालाय, तोही ठळक टाइपात.
संपादक फोनवर एकोणीस मिनिटं बोलले.
मी हो हो म्हणत घमेल्यातली ढेकळं मोजत होतो.
चार.

मुकं जनावर, त्याला काय सांगता येतंय,
असं कुणी म्हणालं की मी आता मान डोलवत नाही.
सांगतं ते. कोरड्या वाळूत सांगतं,
न शिवलेल्या वाटीत, नेहमीची खिडकी सोडून सांगतं.
मजकुरात नाही, एवढंच. समासात.
आणि समासात तर मी जन्मभर बसलेलो.

शिट्टी वाजते. मी पिशवी घेऊन आधीच दारात.
रंभाबाई ती हातावर तोलते, जरा वर-खाली करते,
भाजीवाली तराजू बघते तशी.
"जड हाय," म्हणते,
आणि पुढच्या दाराची बेल दाबते.