कोंडलेलं पाणी

गच्चीवर तीन दिवस पाणी कोंडून ठेवतात.
विटांचा बांध, चार बोटं खोली, भिंतीवर पेन्सिलीची रेघ.
मग खालच्या मजल्यावर मान वर करून फिरायचं,
छताला तळवा लावत,
आजाऱ्याच्या कपाळाला लावतात तसा.
पर्वरीच्या त्या इमारतीत मी असा फिरलो
एकेक खोली, एकेक न्हाणी.
कुठेच ओल नव्हती.
इंजिनियर शिरवईकरांनी सही केली,
बांध फोडला, पाणी गेलं.

पैसे मात्र कोंडलेलेच.
प्रत्येक बिलातून शेकडा पाच,
एकंदर एक लाख बारा हजार.
वर्षभर गळलं नाही तर देऊ, असं करारात,
कलम सतरा, बारीक टाईप.
वर्ष गेलं. दुसरंही गेलं.
गळलं नाही.

न गळणं दाखवायचं कसं?
गळतीचा फोटो निघतो,
कोरड्या छताचा फोटो म्हणजे नुसतं छत.
मी असे बेचाळीस काढले, फाईलला लावले.
अकाउंट्समधली एस्मेराल्डा, भली बाई,
ते पत्त्यांसारखे पिसून म्हणाली,
"हे सगळे एकच ना?"

बेतीहून फेरीबोट. माणसाला तिकीट नाही.
या वसुलीत फुकट मिळालं ते एवढंच.
पलीकडे पाटोवर काचेचं ऑफिस.
साहेब साइटवर. साहेब मीटिंगमध्ये.
साहेब फेस्ताला गेलेत, चवथीनंतर बघूया.
माटोळी चढली, उतरली,
तिच्यातली तवशी आम्ही खाऊन संपवली.
पुन्हा फेरीबोट.

तिसऱ्या वर्षी निरोप आला: तीनशे चारमध्ये डाग आहे.
धावत गेलो.
होता. बशीएवढा, चहाच्या रंगाचा.
वरच्या न्हाणीत एसीवाल्याने भोक पाडून नळी सोडलेली,
माझ्या तिन्ही थरांतून आरपार.
खरं सांगतो, मला आनंद झाला.
इतकी वर्षं ज्याची भीती, तो एकदाचा दिसला
आणि माझा नव्हता.

म्हापशाचे वकील केंकरे म्हणाले,
मुदत संपत आलीय,
नंतर हक्क राहतो, दार राहत नाही.
नोटीस लिहिता लिहिता त्यांनी विचारलं,
"तुम्ही कुणाचं देणं ठेवलंय का? ते उलटं काढतील."
मी नाही म्हणालो.

परतीच्या फेरीबोटीत, दोन स्कूटरींच्या मध्ये उभा,
फकीरप्पा आठवला. गदगचा.
त्या गच्चीचा थर त्याच्या हातचा,
गुडघ्यांना गोणपाट बांधून, रांगत,
कोपरे बोटांनी भरलेले.
त्याच्या मजुरीतूनही मी शेकडा पाच कापायचो.
कंपनीचे आले की देतो, बाबा.
चौदा हजार. वहीच्या शेवटच्या पानावर,
पेन्सिलीने.
त्याचे दोनदा फोन आले होते.
मी साइटवर होतो. मी मीटिंगमध्ये होतो.

नोटीस गेली, सतराव्या दिवशी चेक आला,
अठरा हजार पाचशे कापून: रंगाची डागडुजी.
केंकरे म्हणाले भांडू. मी म्हणालो, उद्या सांगतो.
आधी गदगला फोन लावला.
कुणा बाईने उचलला, कानडीत ओरडली,
बऱ्याच वेळाने तो आला.
पैशांचं सांगितलं, खाते नंबर मागितला.
"कुठल्या गच्चीचे?"
पर्वरीच्या, म्हटलं.
जरा वेळ काहीच नाही, नुसता वारा.
मग म्हणाला,
"गळत नाही ना, शेट?"