पाण्याचा दिवस

विडी घरकुलच्या शाळेत आज नववी ब.
पंखा फिरतो, वारा मात्र पहिल्या बाकापुरताच.
सर म्हणाले, या लेखिका, टाळ्या वाजवा.
वाजल्या. मग नेहमीचंच :
किती पैसे मिळतात, गोष्ट सुचते कशी,
तो मुलगा खरंच आहे का, कुठे राहतो.

शेवटून दुसऱ्या बाकावरची श्रावणी गुर्रम उठली.
"मॅडम, तुमच्या पुस्तकातल्या रेवाला
पाणी भरावं लागत नाही का?"

वर्ग हसला. मीही हसले
आणि टेबलावरची बाटली
उगाच उघडून दोन घोट प्यायले.

आमच्याकडे पाणी चौथ्या दिवशी, रात्री दीडला.
नवरा लूमवर, रातपाळी.
सासूबाई घागरी मोजतात, ओकटी, रेंडू, मूडू,
जशा एके काळी विड्यांच्या जुड्या मोजायच्या.
चिन्मय पाइप धरून उभ्यानेच पेंगतो.
मागच्या पुस्तकात मी त्याची चिठ्ठी वापरली
ते तो अजून विसरलेला नाही.
"आई, हे लिहायचं नाही हं."
नाही लिहीत, म्हटलं.

एकशे ऐंशी पानं.
रेवा घर सोडते, परत येते, प्रेमात पडते,
गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यावरून सगळं शहर बघते,
आणि एकदाही तिची ओढणी ओली होत नाही.
दुसरी आवृत्तीही निघाली.
कुणाच्याच लक्षात आलं नाही.

जिन्याच्या पायरीवर बसून
वहीत लिहिलं : दीड वाजला. रेवा उठली.
पुढे काय, ते सुचेना.

वर टाकी भरून वाहू लागली.
सासूबाई ओरडल्या.
मी मोटर बंद करायला धावले,
वही तशीच उघडी.